दोन अक्षरांचा माणूस

आमच्या मागच्या कुंपणापलीकडे सर राहायचे. ते कुठल्या शाळेत किंवा युनिव्हर्सिटीत शिकवत होते असं नाही. रेल्वेच्या सिग्नल विभागात इंजिनिअर होते. पण सिडनीत आमच्या वेंटवर्थव्हिलच्या आसपास ज्या मराठी माणसांना हॅम रेडिओचा नाद लागायचा, त्यांना ते शनिवारी आपल्या गॅरेजमध्ये परीक्षेसाठी तयार करायचे आणि पहिल्याच दिवशी सांगायचे, "मला सर म्हटलंत तरी चालेल." दुसरं काही म्हटलेलं चालत नसे.

हॅम रेडिओ म्हणजे शौक म्हणून घरी वायरलेस यंत्र ठेवायचं आणि जगात कुठेही बसलेल्या आपल्यासारख्याच रिकामटेकड्या माणसाशी बोलायचं. त्याला सरकारी लायसन्स लागतं, लायसन्सला परीक्षा लागते, आणि पास झालं की कॉलसाइन मिळतं. गाडीच्या नंबरासारखी अक्षरं आणि एक आकडा. रीत अशी की आधी समोरच्याचं कॉलसाइन घ्यायचं, मग आपलं सांगायचं. हवेत माणसाची ओळख तीच. लायसन्सच्या पायऱ्या होत्या, आणि कोण कुठल्या पायरीवर उभा आहे हे कॉलसाइनच्या शेपटीवरून कळायचं. सगळ्यात खालच्यांना चार अक्षरं, सगळ्यात वरच्यांपैकी भाग्यवंतांना दोन. आपल्याकडे नाव सांगितल्यावर लोक "आणि आडनाव?" असं गोड आवाजात ज्या कारणासाठी विचारतात, तीच सोय इथे न विचारता झालेली होती.

सरांची दोन अक्षरं होती. ती त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवर होती, पायपुसण्यावर होती, चहाच्या मगवर होती. बार्बेक्यूच्या दिवशी त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, जो एप्रन घालायच्या त्यावर छातीवर ठळक भरतकामात होती. गॅरेजमध्ये गणपतीच्या शेजारी त्यांचं लायसन्स फ्रेम करून लावलेलं होतं. हार गणपतीलाच घालत, एवढा विवेक शिल्लक होता.

परीक्षेतून मोर्सची अट गेली त्याला जमाना झाला होता, पण सर अजून सुतकात होते. "आम्ही कट्ट-कडकट्ट शिकलो, तेव्हा कुठे हवेत पाय ठेवला," ते म्हणायचे. मग महामारी आली आणि पहिल्याच वर्षात त्यांच्यावर दोन संकटं कोसळली. एक, परीक्षा घरबसल्या व्हिडिओवर देता येऊ लागली. दोन, नवीन नियम आला की खालच्या पायरीवरच्यालाही चार अक्षरांची सक्ती नाही, त्यालाही तीन अक्षरी कॉलसाइन घेता येईल. म्हणजे नुसतं ऐकून आता माणसाची पायरी कळणार नव्हती.

"उद्या हे रेशनच्या दुकानात वाटतील," सर मला कुंपणावरून म्हणाले. तेव्हा आमचं सगळं सामाजिक आयुष्य त्या कुंपणावरच होतं. पुढे सरकारने याहून भयंकर प्रस्ताव मांडला की प्रत्येकाला वेगळं लायसन्स देणंच बंद करावं, पात्रतेचा दाखला पुरे. लोकांची मतं मागवली होती. सरांनी हरकतीचं लांबलचक पत्र लिहिलं आणि ते रविवारच्या रेडिओ-नेटवर आम्हाला पूर्ण वाचून दाखवलं. त्यात 'सभ्यता' हा शब्द इतक्यांदा आला की मी मध्येच हँडसेट खाली ठेवून भांडी घासून आलो. परतलो तेव्हा सभ्यता अजून धोक्यातच होती.

नेट म्हणजे हवेतली हजेरी. दर रविवारी सकाळी सिडनीतले आम्ही पंधरावीस मराठी हॅम एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जमायचो. डोंगरावर एक रिपीटर आहे, तो आमच्या खिशातल्या यंत्रांचे दुबळे आवाज पकडून पुढे फेकतो. सर हजेरी घ्यायचे, ज्येष्ठतेच्या क्रमाने, तोंडपाठ. प्रत्येकाचं कॉलसाइन एकदाच पुकारायचं. नीट ऐकू आलं तर 'कॉपी', मनात तीन मोजेपर्यंत उत्तर आलं नाही तर "कॉपी नाही, पुढे." तीन रविवार कॉपी नाही, तर नाव हजेरीतून बाद. पुन्हा यायचं असेल तर शेवटी "आणखी कुणी?" असं विचारल्यावर नवशिक्यासारखं स्वतःहून यायचं आणि रांगेच्या शेपटाला लागायचं. आमच्यातल्या एकाची आई पुण्यात कोविडने गेली तेव्हा तो तीन रविवार आला नाही. सरांनी त्याला बाद केलं. नंतर त्याने कारण सांगितलं तेव्हा सर म्हणाले, "फार वाईट झालं. पण शिस्त ही शिस्त आहे. शेवटी लाग." तो लागला. आम्ही सगळे हे ऐकत होतो आणि कुणाच्याही बटणावर बोट गेलं नाही.

मीही महामारीच्या त्या पहिल्याच वर्षी पास झालो. माझी तीन अक्षरं ऐकून सर पहिल्या रविवारी म्हणाले, "नवीन पद्धतीचे तीन अक्षरी. ऐकणाऱ्यांनी गैरसमज करून घेऊ नये."

दुसऱ्या वर्षीचा लॉकडाऊन आमच्या पश्चिम सिडनीला वेगळा होता. किनाऱ्याकडची माणसं समुद्रावर व्यायाम करत होती आणि आमच्या डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर फिरत होतं. पाच किलोमीटरच्या आत राहायचं, रात्री बाहेर पडायचं नाही. सर रेल्वेचे, त्यामुळे त्यांना कामावर जायची परवानगी होती. कामावरून आले की ते गॅरेजमध्ये जायचे आणि झोपेपर्यंत तिथेच.

वहिनींनी कुंपणाशी मला विचारलं, "भाऊजी, तुमचं ते परीक्षेचं पुस्तक मोकळं आहे का?"

वहिनी मोठ्या डे-केअरमध्ये स्वयंपाक बघायच्या, ते तेव्हा जवळजवळ बंद होतं. रेडिओशी त्यांचा संबंध म्हणजे अँटेनाचा खांब चढवताना शिडी धरणं आणि शनिवारच्या विद्यार्थ्यांना चहा.

"तुम्हाला कशाला हवंय लायसन्स?"

"काल गॅरेजचं दार उघडं होतं. हे चिलीतल्या माणसाला विचारत होते, तुमच्याकडे हवा कशी आहे, तब्येत कशी आहे. मला या आठवड्यात कुणी तब्येत विचारलेली नाही." त्या अगदी साध्या आवाजात बोलत होत्या. "हवेत कुणी कॉलसाइनने हाक मारली तर उत्तर द्यावंच लागतं ना? तसा नियम आहे ना?"

"नियम नाही वहिनी. रीत आहे."

"मग चांगलंच. नियमाचं एवढं नाही, पण रीत मोडायला घाबरतात ते."

त्यांच्या लग्नाला तीस वर्षं होत आली होती. त्या त्यांना "अहो" म्हणायच्या, ते त्यांना "अगं", आणि चार लोकांत "आमच्याकडे". 'आमच्याकडे विचारून सांगतो' म्हणजे बायकोला विचारून सांगतो. लग्नातल्या उखाण्यानंतर कुणी कुणाचं नाव घेतलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. मी विनोद म्हणून तसं बोललो, तर वहिनी म्हणाल्या, "उखाणा मीच घेतला होता. त्यांना सुचला नाही."

सरांनी शिकवायला नकार दिला. "ओहमचा नियम डोक्यात जायला आधी डोकं लागतं," असं म्हणाले, आणि ते वहिनींनीच मला सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. मग आमचा अभ्यास कुंपणावर. मी प्रश्न विचारायचो, त्या वाळत घातलेले कपडे काढता काढता उत्तर द्यायच्या. अर्धी चुकायची. त्यांना रेडिओत काडीचा रस नव्हता. पुस्तकाकडे त्या नावडत्या भावजयीकडे बघावं तशा बघायच्या, पण पान उलटल्याशिवाय राहायच्या नाहीत.

परीक्षा दुपारी चारला होती. पेपर घेणारी बाई न्यूकॅसलकडची, निवृत्त शिक्षिका, मांडीवर कुत्रं. नियम कडक. खोलीत दुसरं कुणी नको, लॅपटॉप फिरवून चारही भिंती आणि टेबलाखालची जागा दाखवायची, मध्येच कनेक्शन तुटलं तर पेपर रद्द.

आता आमच्या गल्लीतली एक गोष्ट सांगायला हवी. सर त्यांच्या मोठ्या यंत्रावरून पूर्ण शक्तीने बोलायला लागले की त्यांच्या घरचं इंटरनेट जायचं. ते तांब्याच्या जुन्या तारांवरून येतं आणि त्या तारा सरांचा आवाज पिऊन टाकतात. माझंही जायचं. हे दोन्ही घरांना वर्षानुवर्षं माहीत होतं. मी ऑफिसच्या मीटिंगांमधून गायब व्हायचो, तेव्हा माझा मॅनेजर "तुझा शेजारी आला वाटतं ऑन एअर, मेट" असं म्हणून पुढे जायचा.

त्या दिवशी चार वाजून गेल्यावर माझी मीटिंग गोठली. स्क्रीनवर आठ जणांची तोंडं वासलेली राहिली. मी मागच्या दारात आलो. गॅरेजमधून सरांचा आवाज येत होता. खणखणीत इंग्रजीत ते चिलीतल्या माणसाला सिडनीतल्या थंडीची माहिती देत होते.

संध्याकाळी कुंपणाशी दोघंही होते. सर म्हणाले, "योगायोग. एवढ्या लांबचं स्टेशन रोज मिळत नाही. परीक्षा काय, पुन्हा देता येते. घरबसल्याच तर आहे." मग माझ्याकडे वळून, "आमच्याकडे आता मला दोष देणार. तयारी नसली की असंच असतं."

वहिनींनी चिमट्यांची पिशवी बंद केली आणि त्या आत गेल्या.

दुसऱ्यांदा त्यांनी परीक्षा गाडीत बसून दिली. ड्राइव्हवेवर उभी गाडी, फोनचा डेटा, आणि माझा हँडसेट कुंपणावरून प्लॅस्टिकच्या पिशवीत दिलेला, कारण यंत्र जोडून दाखवावं लागतं. न्यूकॅसलच्या बाईंनी मागची सीट दाखवायला लावली, पायाखालची जागा दाखवायला लावली, डिकीसुद्धा. डिकीत सोनामसुरी तांदळाची गोणी होती. "ती बोलत नाही ना?" त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "नाही. घरात कुणीच बोलत नाही." बाईंना विनोद वाटला. वहिनी काठावर पास झाल्या.

कॉलसाइन त्यांनी तीन अक्षरांचं घेतलं. अक्षरं कशी निवडली विचारलं तर म्हणाल्या, "जी सहज म्हणता येतील. त्यांची सबब नको."

पुढच्या रविवारी सरांनी नेहमीची हजेरी घेतली. शेवटी विचारलं, "आणखी कुणी?"

वहिनी स्वयंपाकघरातून, स्वतःच्या नव्या छोट्या हँडसेटवर बोलल्या. आधी सरांचं कॉलसाइन, मग स्वतःचं, एकेक अक्षर सुटं, न अडखळता. त्यांच्या आवाजामागे कुकरची शिट्टी सुरू झाली. त्यांनी बटण सोडलं.

मग सरांचं बटण दाबलं गेलं. शिट्टीचा उरलेला अर्धा भाग त्यांच्या माइकमधून आला.

"काही ऐकू येत नाही," सर म्हणाले. "कुणीतरी चुकून बटण दाबतंय."

डेटा सेंटरमध्ये शिफ्टला असणारा पॅरामाटाचा एक मुलगा आमच्यात आहे, त्याला घाबरायचं कुणी शिकवलेलं नाही. तो म्हणाला, "सर, इकडे एकदम क्लिअर आहे हो. वहिनी आहेत."

"तुझा अँटेना तपासून घे," सर म्हणाले. "नेट बंद."

असं पाच रविवार चाललं. वहिनी दर वेळी पूर्ण पद्धतशीर बोलायच्या, सर दर वेळी तेच वाक्य म्हणायचे, आणि नेटवरचे पंधरावीस सुशिक्षित, मतदार, करदाते लोक गप्प बसायचे. एक जण मला नंतर फोनवर म्हणाला, "नवराबायकोचं आहे यार, आपण कशाला." माणसं कुटुंबसंस्थेचा आदर बहुधा अशाच वेळी करतात. पाचव्या रविवारनंतर मी वहिनींना म्हटलं, सोडून द्या. त्या म्हणाल्या, "एकदा म्हणू दे त्यांना. तीन अक्षरं आहेत. मग सोडते."

त्या आठवड्यात सरांना कोविड झाला. कामावर लागला. दोन दिवस ते गॅरेजमध्येच झोपले आणि तिसऱ्या दिवशी त्यांना वाक्य पूर्ण करता येईना. ॲम्ब्युलन्सवाले अंतराळवीरांसारखे आले. मी कुंपणाशी उभा होतो. स्ट्रेचरवरून सरांनी खूण करून हँडसेट मागितला, चार्जर मागितला. वहिनींनी दोन्ही पिशवीत घालून पिशवी त्यांच्या पोटावर ठेवली. ते चार्जर बरोबर आहे का ते बघत होते. बायकोकडे बघितलं नाही. ॲम्ब्युलन्सचं दार लागलं.

जवळचंच मोठं हॉस्पिटल, वरचा मजला, खिडकीशी खाट. तिथून डोंगरावरचा रिपीटर सहज मिळतो. वहिनींना भेटायला जायची परवानगी नव्हती, त्या स्वतःच घरात अडकलेल्या. सरांनी आमच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'माझ्या अनुपस्थितीत नेट होणार नाही. मी ऐकत असेन.' खाली पंधरा हात जोडलेले आले.

रविवारी सकाळी मी सवयीने हँडसेट लावला. ठरल्या वेळेला वहिनींचा आवाज आला, आणि माझ्या लक्षात आलं की तो हवेतूनही येतोय आणि कुंपणावरूनही. गॅरेजचं दार सताड उघडं होतं. त्या सरांच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"रविवारची हजेरी," त्या म्हणाल्या. "ज्येष्ठतेच्या क्रमाने. एकदाच पुकारेन."

आणि त्यांनी पहिलं नाव घेतलं. म्हणजे सरांचं कॉलसाइन. सगळ्यात ज्येष्ठ तेच होते.

बटण दाबलं गेल्याचा आवाज आला. त्यानंतर शब्द नाहीत. ऑक्सिजनची फुसफुस, आणि त्याच्या आत एक घरघर, काहीतरी सुरू होऊ बघणारं आणि न होणारं. मध्येच एक अक्षर आल्यासारखं वाटलं. मग परत फुसफुस. बटण सुटलं.

वहिनी तीन मोजेपर्यंत थांबल्या.

"काही ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "कुणीतरी चुकून बटण दाबतंय. कॉपी नाही. पुढे."

पॅरामाटाचा मुलगा राहावलं नाही म्हणून मध्येच बोलला, "वहिनी, सर असतील ते."

"स्टेशनने आपलं कॉलसाइन सांगितलं नाही," वहिनी म्हणाल्या. "पुढे." आणि क्रमाने पुढचं कॉलसाइन पुकारलं. ज्याचं होतं त्याने हजेरी लावली. सगळ्यांनी लावली. मीही लावली.

दुसऱ्या रविवारी फुसफुस आली, थोडी लांब. कॉपी नाही. तिसऱ्या रविवारी सरांचा श्वास बराच सुधारला होता. दोन अक्षरांपैकी एक नीट ऐकू आलं, दुसरं खोकल्यात गेलं. आमच्यात जे हळवे आहेत ते नंतर म्हणाले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हवेत मात्र कुणाचं आलं नाही. वहिनींनी शांतपणे जाहीर केलं की हे स्टेशन नियमानुसार हजेरीतून बाद होत आहे, आणि पुढचं नाव घेतलं.

मधल्या काळात त्या रोज हॉस्पिटलात फोन करत होत्या, नर्सला साखर किती आली विचारत होत्या, घरचं जेवण चालेल का म्हणून भांडत होत्या. परवानगी मिळाली तेव्हा मऊ भाताचा डबा खालच्या काउंटरवर पोचवत होत्या. सरांशी फोनवर बोलणं झालं का असं मी विचारलं. "फोनवर ते 'अगं' म्हणतात," त्या म्हणाल्या. "अगं, डबा मिळाला."

सर घरी आले तेव्हा कपडे दुसऱ्याचे घातल्यासारखे दिसत होते. ते पहिल्यांदा गॅरेजमध्ये गेले. खुर्चीवर वहिनींची उशी होती. शनिवारी संध्याकाळी मला कुंपणातून त्यांचा आवाज ऐकू आला, थांबत थांबत: "उद्यापासून... मी घेईन."

"बाद झालेल्या स्टेशनला नेट घेता येत नाही," वहिनी म्हणाल्या. "तुमचाच नियम. चहा ठेवू का?"

रविवारी वहिनींनी हजेरी घेतली. सगळ्यात ज्येष्ठ आता दुसरंच कुणी होतं. ती संपली, आणि त्यांनी विचारलं, "आणखी कुणी?"

मी मागच्या पायरीवर बसलो होतो. गॅरेजमध्ये वहिनींची पाठ दिसत होती, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत सर उभे होते, हातात वहिनींचा छोटा हँडसेट. त्यांचा हात कट्ट्यावर टेकलेला होता.

मग ते बोलले. आधी वहिनींचं कॉलसाइन, पूर्ण, मग एक मोठा श्वास, मग स्वतःची दोन अक्षरं. शेवटचं अक्षर पडलं, पण पोचलं.

एकदा म्हणू दे, मग सोडते, असं त्या म्हणाल्या होत्या. मी वाट बघत होतो.

"सिग्नल तुटक येतोय," वहिनी म्हणाल्या. "पुन्हा द्या."

सरांनी पुन्हा दिलं. या वेळी मध्ये दोनदा थांबले.

"माझं कॉलसाइन नीट आलं नाही. पुन्हा."

नेटवर कुणी हललं नाही. पॅरामाटाचा मुलगासुद्धा नाही. खिडकीत सरांनी डोळे मिटले, हँडसेट दोन्ही हातांत धरला आणि बायकोची तीन अक्षरं एकेक करून म्हटली, प्रत्येक अक्षरानंतर श्वास घेत, जिना चढावा तशी.

वहिनींनी तीन मोजेपर्यंत वेळ जाऊ दिला.

"कॉपी," त्या म्हणाल्या. "शेवटी लागा." आणि मग, बटण न सोडता, "आणखी कुणी?"